भिंगऱ्याच्या गळ्यातलं लोढणं

माझ्या नातीनं, मृण्मयीनं, यंदा कुत्र्याचं पिल्लू आणलं नसतं तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. लहानपणाबद्दल आजवर जे लिहिलं त्यात शाळा आली, विहीर आली, आईच्या हातची शेंगोळी आली, अगदी आमच्या कालवडीच्या खोड्यासुद्धा आल्या, पण भिंगऱ्या आला नाही. विसरले म्हणून आला नाही असं कुणी समजू नये. सांगलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे चिकू नावाचं पिल्लू संध्याकाळी सहाच्या सुमारास अंगात आल्यासारखं करतं. सोफ्याखालून घुसतं, जेवणाच्या टेबलाला तीन चकरा मारतं, वळताना फरशीवर घसरून दाराला धडकतं आणि पुन्हा सुटतं. सून ओरडते, "आई, धरा त्याला!" मी धरत नाही. पाय वर घेऊन पलंगावर बसते आणि त्याचं धावणं संपेपर्यंत बघत राहते. सुनेला वाटतं, सासूबाई कुत्र्याला भितात. वाटू दे.

भिंगऱ्या आणला तो दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भरतीसाठी तो रोज पहाटे पाटाच्या कडेनं पळायला जायचा, आणि एके दिवशी परत आला तो बनियनमध्ये काहीतरी गुंडाळून. मातीच्या रंगाचं, कान पडलेलं, पोट फुगलेलं पिल्लू. आईनं कपाळाला हात लावला, अण्णांनी नुसतं "हं" केलं. आमचं गाव कोरेगावकडचं, घर रानाला लागून, पुढं मोठं शेणानं सारवलेलं अंगण. त्या अंगणात तिसऱ्याच दिवशी पिल्लानं आपला हिसका दाखवला. तुळशीला वळसा, गोठ्याच्या दाराला वळसा, आईच्या चुलीजवळून उडी, की पुन्हा तुळस. दादा हसून हसून खाली बसला आणि म्हणाला, "आयला, भिंगरीच हाय ही!" तेव्हापासून तो भिंगऱ्या.

त्याला वळण लावलं तेही दादानंच. मारलं नाही, कोंडलं नाही. पहाटे पळायला जाताना त्याला बरोबर न्यायचा, पिल्लाला झेपेल तेवढं पळवून बांधावर बसवायचा आणि येताना घेऊन यायचा. घरी आला की ताकात कुस्करलेली भाकरी. दुपारी एखादा भाकरीचा तुकडा पाटीखाली नाहीतर पोत्याच्या घडीत लपवायचा आणि म्हणायचा, "हुडीक!" भिंगऱ्या नाक जमिनीला लावून सबंध सोपा पालथा घालायचा आणि तुकडा सापडला की अशी शेपटी हलवायचा की मागचं अंगच हलायचं. चावरा तर एवढा की माझ्या परकराच्या काठाची दशी दशी केली होती. दादानं जुन्या धोतराची गाठ मारलेली चिंधी करून ठेवली होती, ती तो त्याच्या तोंडात द्यायचा आणि दुसरं टोक ओढायचा. एवढं सगळं झालं की भिंगऱ्या उंबऱ्यात अंग टाकून द्यायचा, तो सांज होईस्तोवर. घेवड्याच्या आमटीला फोडणी बसली तरी डोळा उघडायचा नाही.

दादा पलटणीत निवडला गेला. निघायच्या आदल्या सकाळी मला बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "शाले, आता ह्यो तुझ्याकडं. लय काय करायचं न्हाई बघ. अंग रिकामं झालं का त्येचं डोकं जाग्यावर येतं. सकाळी पळीव, दुपारी कायतरी हुडकाय लाव, सांजच्याला चिंधी ओढ. आन् झोपला का उठवू नगं. पिल्लू हाय त्ये, झोपंत वाडतंय."

"आन् चावला तर?"

"चावला तर वराडू नगं, त्येला खेळ वाटतोय. चिंधी दे तोंडात."

मृण्मयी परवा चिकूला जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली, मीही गेले होते. तरुण मुलगा, चांगला अर्धा तास त्यानं समजावून सांगितलं. पिल्लाला व्यायाम द्या पण थोडा थोडा द्या, नाकाला काम द्या, चावायला काहीतरी द्या, झोप मोडू नका. नात मोबाइलमध्ये सगळं टिपून घेत होती. मी मान खाली घालून बसले होते. मला हे सगळं बांधावर उभं राहून एकदा सांगून झालं होतं, आणि सांगणाऱ्याकडं मोबाइल नव्हता की डिग्री नव्हती.

पहिले आठ दिवस मी गेले. खोटं कशाला सांगू, मजा आली. नववीतली मुलगी, परकर खोचून पाटाच्या कडेनं कुत्र्याबरोबर पळते आहे. मग एकदा पाटावर धुणं घेऊन आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "शालन काय पलटणीत चालली व्हय गं?" तेवढंच. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी उठले नाही. माझी मुलगी ही गोष्ट अर्धीच ऐकून म्हणते, आई, तुझ्या काळात मुलींच्याच गळ्यात लोढणं होतं, तुझा काय दोष! ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी ते पुष्कळ वर्षं मनात घोळवलंही. पण आमच्या घरामागून उसातली गाडीवाट होती, पहाटे तिथं चिटपाखरू नसायचं. तिथं मला कुणी हसलं नसतं. खरं कारण एवढंच की वाकळीतून उठायचा मला कंटाळा होता आणि हसणाऱ्या बायकांनी मला एक छान निमित्त दिलं होतं. दादाला अंतर्देशीय पत्रात मात्र मी लिहिलं, "भिंगऱ्या रोज माझ्याबरोबर पळतो. आता माझ्या पुढे जातो." अक्षर माझं सुरेख होतं.

त्यात हळदीचा हंगाम आला. काहिलीत हळद शिजायला लागली की सगळ्या आळीला तो ओला, मातकट गोडसर वास यायचा आणि चुलवणाचा धूर डोळ्यांत जायचा. शिजलेली हळद अंगणभर वाळत पडायची, पंधरा पंधरा दिवस. अण्णा दिवसातून दोनदा अनवाणी पायांनी ती हलवायचे. वाळून खडखडीत झाली, घासून झाली की पोती भरायची आणि ट्रक सांगलीला जायचा. वर्षाचं सगळं त्या अंगणात पसरलेलं असायचं, तेव्हा आम्ही मुलंसुद्धा भिंतीच्या कडेनं चालायचो. भिंगऱ्याला कोण सांगणार? त्याचं अंग आता रिकामं होतच नव्हतं. सकाळी पळणं नाही, दुपारी हुडकणं नाही, नुसता दाव्याला बांधलेला. दावं कुरतडून सुटायचा आणि मग त्या हळदीतून चौखूर उधळायचा. हळकुंडं उडून शेणकुटात, मातीत, कोंबड्यांच्या खुराड्यात. पायाचे तळवे पिवळे करून घरभर हिंडायचा. वाकळीवर पिवळी पावलं, माझ्या भूगोलाच्या वहीवर पिवळी पावलं, आईच्या पिठाच्या डब्यावरही. आणि एक दिवस त्यानं हळदीच्या कडेला तंगडी वर केली, ती नेमकी अण्णांनी बघितली.

अण्णा मोठ्यानं बोलणारे नव्हते. त्यांनी तेवढी हळद घमेल्यात भरून बाजूला काढली आणि मला म्हणाले, "शाले, ही हळद देवाला जाती, लगनाला जाती. परत ह्ये झालं तर मी ह्येला कोरेगावच्या बाजारात सोडून येणार. दादाचं कुत्रं हाय म्हणून आजवर गप हुतो."

तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं. भिंगऱ्या गेला तर दादाला काय सांगू? खरं तर उपाय सोपा होता, दादानं सांगितलेला, आणि तो मला तोंडपाठ होता. सकाळी अर्धा तास. पण माझी नजर गेली ती गोठ्यातल्या लोढण्याकडं. आमची कालवड मोकाट सुटून दुसऱ्याच्या उसात तोंड घालायची, म्हणून तिच्या गळ्यात अण्णा बाभळीचा ओंडका बांधायचे. तो पुढच्या दोन पायांच्या मध्ये लोंबतो. जनावर चालू शकतं, चरू शकतं, पण पळायला गेलं की ओंडका नडग्यांवर आपटतो, दोन दिवसांत पळायचं विसरतं. आमच्याकडं ओढाळ गुराला हेच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी जळणातला एक ओंडका निवडला. कालवडीच्या मानानं लहान होता, असं मी स्वतःला सांगितलं. दोरी काचू नये म्हणून माझ्या जुन्या हिरव्या परकराची चिंधी तिच्यावर गुंडाळली. केवढी माया! आणि भिंगऱ्याच्या गळ्यात बांधला. बांधताना तो माझं मनगट चाटत होता. त्याला वाटलं असेल, चिंधी दिसते आहे म्हणजे खेळ सुरू होतोय.

अंगणात सोडल्यावर त्यानं नेहमीसारखी झेप घेतली. ओंडका नडग्यांवर बसला आणि तो तोंडावर पडला. उठला, पुन्हा सुटला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडल्यावर तो तसाच बसून राहिला आणि मान वाकडी करून त्या लाकडाकडं बघत राहिला. आई परसातून आली. "आगं काय केलंस ह्ये? लेकरू हाय त्ये!"

मी म्हटलं, "मग जाऊ दे बाजारला."

अण्णांनी संध्याकाळी बघितलं. त्यांनाही ते आवडलं नसावं, कारण बराच वेळ ते तपकिरीची डबी नुसतीच हातात फिरवत होते. मग म्हणाले, "हळद पोत्यात भरंस्तवर ऱ्हाऊ दे. भरली का काढ."

आणि मग घरात शांतता झाली. वाकळीवर पावलं उठेनात. येणारेजाणारे म्हणायचे, "कुत्रं लय शाणं झालं की गं!" आणि मी मान डोलवायची, जणू मी त्याला शाळेतच घातलं होतं. भिंगऱ्या चालायला शिकला होता. मान डाव्या अंगाला कलती ठेवायची, पुढचे पाय फाकून, उचलून टाकायचे, की लाकूड लागत नाही. मी अभ्यासाला बसले की हळूहळू यायचा आणि माझ्या पावलावर तो ओंडका टेकवून बसायचा. तेवढाच गळ्यावरचा भार माझ्या पायावर यायचा. पाय अवघडला की मी तो काढून घ्यायची. एकदा त्याच्या नडग्यांना टेंगळं आलेली हाताला लागली, तेव्हा मी हळद आणि तेल गरम करून लावलं. लोढणं काढलं नाही, वर हळद लावली. आज हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण त्या दिवशी मला आपण फार प्रेमळ आहोत असं वाटलं होतं.

ट्रक आला, पोती भरली, हळद सांगलीला गेली. अंगण मोकळं झालं. अण्णा तिसऱ्या दिवशी सांगलीहून परत आले ते थेट अंथरुणाला लागले, हिवताप होता. पुढचे कितीतरी दिवस त्यांना कुत्र्याकडं बघायची शुद्ध नव्हती. आईनं दोनदा आठवण केली. मी म्हणायची, काढते. परीक्षा जवळ आली होती आणि शांतता फार सोयीची होती. इथं माझ्यापाशी काही निमित्त नाही. हळद नव्हती, बाजारात सोडायची भीती नव्हती. गाठ सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला असता. मी ती दीड महिना सोडली नाही. आणि त्या दीड महिन्यात दादाला दोन पत्रं टाकली. दोन्हींत भिंगऱ्या पळत होता.

मग दादाचंच पत्र आलं, रजेवर येतोय. आदल्या दिवशी मी लोढणं काढलं आणि गोठ्याच्या माळ्यावर वैरणीत खुपसून ठेवलं. गळ्याभोवती केस गेलेला पट्टा दिसत होता, तिथं खोबरेल चोळलं. आईनं शेंगोळी केली. दादा आला, रुबाबदार, केस बारीक कापलेले. भिंगऱ्यानं त्याला ओळखलं, तोंडातून बारीक आवाज काढत त्याच्याकडं गेला. चालत गेला. दादाला वाटलं, मोठा झालाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादानं कॅनव्हासचे बूट घातले आणि शीळ घातली. मी दारात उभी होते. भिंगऱ्या उठला, अंग ताणलं, त्याच्या मागं गेला. बांधापाशी दादा पळायला लागला. भिंगऱ्यानं चार पावलं टाकली. मान डाव्या अंगाला कलती, पुढचे पाय फाकलेले, उचलून उचलून टाकलेले. गळ्यात काही नव्हतं. मग तो थांबला आणि खाली बसला. दादानं मागं वळून बघितलं, पुन्हा शीळ घातली. तो शेपटी हलवत होता, पण उठत नव्हता. दादा परत आला, त्याच्यापुढं उकिडवा बसला, गळ्यावरून हात फिरवला, मग नडग्या चाचपल्या. एकेक टेंगूळ चाचपलं. त्याला उचलून अंगणात घेऊन आला. अण्णा सोप्यात घोंगडं पांघरून बसले होते, नुकते कुठं पेज खायला लागलेले.

"शाले," दादा म्हणाला, "लोढणं घातलं हुतं का ह्येला?"

आवाज अगदी मऊ होता. ओरडला असता तर कदाचित मी रडले असते आणि सगळं सांगून मोकळी झाले असते.

"अण्णांनी घातलं," मी म्हटलं. "हळदीत पळत हुता म्हणून."

दादानं अण्णांकडं बघितलं. "आवं अण्णा, खरं का?"

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणी ओळखीचं आहे की नाही ते नीट न्याहाळावं तसं बघितलं. मग दादाला म्हणाले, "हळद वाळत हुती, बाबा."

दादा तो सबंध दिवस अण्णांशी बोलला नाही. ताट आलं तर पाठ करून बसला. अण्णा हिवतापानं खंगलेले, पोराच्या रजेचे दिवस बोटांवर मोजत बसलेले. मी शेंगोळ्याच्या पातळ रशात भाकरी कुस्करत होते आणि कुस्करतच होते. एक वाक्य बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी दादा आपण होऊन अण्णांजवळ जाऊन बसला, दोघं काहीतरी बोलले, आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, मिटलं.

उरलेली सगळी रजा दादा भिंगऱ्याला घेऊन गाडीवाटेनं चालायचा. पळायचा नाही, चालायचा. चिंधी ओढायचा, तुकडे लपवायचा. भिंगऱ्या हुडकायचा, शेपटी हलवायचा, पण पळाला नाही. पुढं दहा-बारा वर्षं जगला, चांगला राखणदार झाला. आळीतली पोरं त्याला दोन वर्षांचा असल्यापासून म्हातारा म्हणायची. मी अभ्यासाला बसले की यायचा आणि हनुवटी खाली नेत गळा माझ्या पावलावर टेकवायचा. तिथं आता टेकवायला काही नव्हतं. पाय कितीही अवघडला तरी मी तो पुन्हा कधी काढला नाही, पण त्याचा त्याला काय उपयोग?

मी शिक्षिका झाले, लग्न होऊन सांगलीला आले. हळदीच्या पेठेवरून रिक्षा जाते तेव्हा तो वास येतो आणि मी नाकाला पदर लावते. लोकांना वाटतं, ठसका लागतो. अण्णा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मिटलं म्हणून मी जी गोष्ट गाडून टाकली होती ती त्यांच्यासमोर कधी काढली नाही.

गेल्या आठवड्यात दादा आला होता. पेन्शनीत कराडला राहतो, गुडघे गेलेत, पण मिशी तशीच आहे. येताच खुर्चीत बसला, नातीकडून जुनी ओढणी मागून घेतली, तिला गाठ मारली आणि चिकूच्या तोंडात दिली. चिकू गुरगुरत ओढायला लागला. नात कॉलेजला गेली, सून ऑफिसला. मी चहा त्याच्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "दादा, भिंगऱ्याला लोढणं अण्णांनी न्हाई घातलं. मी घातलं हुतं."

त्यानं ओढणी सोडली नाही. "ठाऊक हाय," म्हणाला.

"कवापास्नं?"

"तवाच. दुसऱ्या दिशी वैरण काढाय माळ्यावर गेलो, तर हाताला लागलं. दोरीला तुझ्या परकराची चिंधी हुती, हिरवी, बुट्ट्यांची. अण्णा लोढण्याला कवा चिंधी गुंडाळत्यात व्हय?" चिकूनं हिसका दिला, दादानं थोडी ढील दिली. "गेलो तसाच अण्णांकडं. म्हणलं, तुमी बोलला का न्हाई? तर म्हणले, तिला काय बोलू नगं. तिची ती सांगंल."

मी खाली बसले. चहा निवत होता, साय धरायला लागली होती.

"मग दर रजेला आलो का इचारायचो, सांगितलं का शालीनं? म्हणायचे, न्हाई अजून. सांगंल की." दादा चिकूकडंच बघत होता. "शेवटाला दवाखान्यात हुते, तवा मग मी इचारलं न्हाई."

"आन् तू? तू मला का न्हाई कवा इचारलंस?"

"इचारलं हुतं की," दादा म्हणाला. "येकदा."

दादाच्या त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते खोटं होतं. अण्णा ऐकायला नाहीत, आणि जन्मभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईला एक ओळ लिहायला एवढी वर्षं लागली. ती इथं लिहिते. अण्णा, भिंगऱ्याच्या गळ्यात लोढणं मी घातलं होतं.